काकडीचं कुंपण

शिमगा झाला की कडावला आमच्या शेतात राब भाजतात. भाताचं रोप जिथे करायचं, तिथे शेण, डहाळ्या, पाला पसरून पेटवायचा; त्या राखेत रोप जोमाने येतं. याच दिवसांत मी नेरळचं सासर कायमचं सोडून आले. नवी सुरुवात कर, असं सगळे फोनवर सांगत होते. कशी, ते कोणी सांगत नव्हतं.

आई पाला पसरत होती. मी माझा लग्नातला शालू आणून त्यावर टाकला.

आईने तो उचलून बोटांत चुरगळला. "नाय जळायचा. पॉलिस्टर हाय. वितळून गोळा होईल नि जागा खराब."

"मग काय करू याचं?" मी चिडून विचारलं.

"काकडीत डुकरं शिरतात. कुंपण कर."

काठ्या रोवून मी शालू ताणून बांधला. तीन बाजूंना पुरला, चौथी उघडी राहिली. आई राब पेटवून घरात गेली आणि ट्रंकेतला स्वतःचा शालू घेऊन आली.

"हा बी बांध," म्हणाली. "तीस वर्सं नुसता घडीत हाय."