दिवा दिसल्यास कळवावे

आमच्या बंदराच्या दीपस्तंभाने आजवर असंख्य नावाड्यांना मृत्यूच्या दाढेतून परत आणलं आहे, असं त्याच्या पायथ्याच्या दगडावर कोरलेलं आहे. दगड जीर्णोद्धार समितीने आधी कोरून घेतला. इतिहास मागाहून शोधायचं ठरलं आणि ते काम समितीतला एकमेव पदवीधर म्हणून माझ्या गळ्यात पडलं. शोधल्यावर कळलं की आमच्या बंदराचं तोंड चांगलं ऐसपैस आहे. त्यातून आत येताना कुठे आपटायचंच म्हटलं तर मुद्दाम वाट वाकडी करावी लागते. नावाडी एकही बुडाला नव्हता, त्यामुळे वाचलेले मोजता येत नव्हते. म्हणून ‘असंख्य’.

दिवा बंद कसा पडला याबद्दल गावात वीररसाने भरलेली बरीच मतं होती. कुणी वादळ म्हणायचं, कुणी युद्ध. खरं कारण रंगारी. फार वर्षांपूर्वी कुठलेसे बडे पाहुणे येणार होते म्हणून बुरूज रंगवायला काढला. रंगाऱ्याला हुकूम होता की वरपासून खालपर्यंत पांढरा कर. त्याने केला. वर काचा होत्या, त्या केल्या. काचांच्या आत भलंमोठं भिंग होतं, तेही सोडलं नाही. माणूस कामाला प्रामाणिक. त्यानंतर दिवा आत रात्रभर जळायचा आणि बाहेरून बुरूज उभ्या ठेवलेल्या उकडलेल्या अंड्यासारखा दिसायचा. याची तक्रार एकाही बोटीने केली नाही. पुढे वीज वाचवायची म्हणून बल्ब काढला, त्याचीही नाही.

समितीने बुरुजाचे दगड गवंड्याकडे दिले, कठडे लोहाराकडे दिले आणि काच माझ्या ताईकडे दिली. ताईचं बंदराच्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान आहे. गावात काचेशी संबंध असलेली माणसं दोनच. त्यातला दुसरा रिकाम्या बाटल्या विकत घ्यायचा.

ते भिंग म्हणजे साधंसुधं काम नव्हतं. माणसाहून उंच, पितळी चौकटीत बसवलेली काचेची कडी, एकात एक, कांदा मधोमध चिरल्यासारखी. आणि प्रत्येक कड्याच्या खाचेत त्या रंगाऱ्याचा, दगड झालेला चुना. घासला तर चरे पडणार, ओला करून ठेवला तर खाली पाझरून पुढची खाच भरणार. भाऊजींची बेकरी आहे. त्यांच्याकडची कणीक खरवडायची लाकडी पाती ताईने उचलून नेली, कारण लाकडाने काचेला इजा होत नाही. बेकरीत दोन दिवस शोधाशोध चालली होती. दुकान बंद केलं की ताई बुरुजात जायची आणि एकेक कडं भिजवत, खरवडत, पुसत बसायची. असे तीन हिवाळे गेले.

“लग्न ठरवताना माझ्याकडे एवढं निरखून पाहिलं नव्हतंस,” भाऊजी एकदा डबा घेऊन वर आले तेव्हा म्हणाले.

“तुम्ही आरपार दिसत होतात,” ताई म्हणाली. तिने भिंगावरची नजर काढली नाही.

एका दुपारी तिने मला वर बोलावून घेतलं. भिंगाच्या आत, बल्ब जिथे बसायचा तिथे मला उभं केलं आणि म्हणाली, “बघ.” समोरच्या स्वच्छ काचेत समुद्र उलटा टांगलेला होता. खाली आभाळ, वर पाणी आणि पाण्याला वटवाघळांसारख्या लोंबकळणाऱ्या होड्या. क्षितिजाची रेघ जिथे पडते तिथेच बल्ब बसवायचा, मग सगळा उजेड थेट तिकडे जातो, असं तिने समजावलं. मला फारसं कळलं नाही. मी इतिहासाचा माणूस. पण ताईचे डोळे लहानपणी बक्षीस मिळाल्यावर व्हायचे तसे झाले होते.

“हा दिवा आहे रे,” ती म्हणाली. “लोक उगीच झुंबर समजून बसलेत.”

आणि नेमकं हेच बंदराच्या साहेबांना मान्य नव्हतं. साहेब नवीन होते. बोलायचे असे की प्रत्येक वाक्याखाली सही आधीच झालेली असावी. ते चष्म्याचा नंबर काढायला दुकानात आले आणि चाचणीची जड फ्रेम नाकावर, एक डोळा झाकलेला, अशा अवस्थेत त्यांनी दीपस्तंभाचं भवितव्य जाहीर केलं.

“बाई, तुमचा दिवा इतकी वर्षं बंद आहे. एका तरी बोटीने विचारलं?”

“खालची ओळ वाचा.”

“प, ट, न. नाही ना विचारलं? मग तो हवा आहे कोणाला? धक्क्याच्या टोकाला एक खांब उभा करतो, त्यावर छोटा दिवा. तुमच्या बुरुजात कॉफीचं दुकान काढू. वरून देखावा छान आहे. घ, म...”

“म नाही, भ आहे,” ताई म्हणाली आणि तिने फ्रेममधली काच जरा जोरातच बदलली. “म्हणजे एवढं घासलं ते कॉफी पिताना शोभा म्हणून?”

“मी अन्याय करणारा माणूस नाही,” साहेब म्हणाले. “उद्घाटनाच्या संध्याकाळी दिवा लावा. सूर्य मावळल्यापासून तासाभरात समुद्रातल्या एका बोटीने वायरलेसवर कळवावं की दिवा दिसला. एक बोट पुरे. दिवा नकाशावर ठेवायचा की नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी मला नकाशाच्या कचेरीला कळवायचंय. दिवा, नाहीतर कॉफी.”

“एकच बोट?” ताईला हसूच आलं. रोज संध्याकाळी निम्मं बंदर पाण्यावर असतं.

तरीही तिने धक्क्यावर जाऊन सगळ्यांना बजावलं, दिवा दिसला की लगेच कळवा. आमच्याकडे एक नावाडी आहे, त्याला सगळे होकायंत्र म्हणतात, कारण मासे धरून परतताना तो दोनदा शेजारच्या बंदरात शिरला होता आणि दुसऱ्यांदा तर मासळी उतरवूनही झाली होती. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, “ताई, एक काय घेऊन बसलात? रांग लागेल रांग!”

उद्घाटनाची संध्याकाळ आली. धक्क्यावर खुर्च्या, बँड, कर्णा आणि पांढऱ्या कापडाचं टेबल. टेबलावर वायरलेस आणि मागे साहेब, नवा चष्मा लावून. समितीच्या अध्यक्षांनी भाषणाला सुरुवात केली. भाषण मीच लिहिलेलं असल्याने मी आजूबाजूला बघत होतो. गर्दी अफाट होती. सगळे नावाडी इस्त्रीचे कपडे घालून, केसांना पाणी लावून, बायकामुलांसकट हजर. सूर्य मावळला. वर ताईने बटण दाबलं. टाळ्या झाल्या. सगळ्यांनी माना वर केल्या, आणि कुणाला काहीच दिसेना.

तेवढ्यात वरच्या सज्जात ताई आली. तिच्या हातात जुन्या दिवेवाल्यांचा पितळी भोंगा होता, होड्यांना हाका मारायचा.

“अरे, समुद्रात कोण आहे?”

अध्यक्ष थांबले. बँड थांबला. आम्ही सगळ्यांनी समुद्राकडे पाहिलं. समुद्र झाडून पुसून ठेवल्यासारखा रिकामा होता. एकूण एक होडी धक्क्याला बांधलेली, शेजारीशेजारी, शहाण्या मुलांसारखी.

“मला वाटलं तुझा मेहुणा गेलाय,” एक नावाडी दुसऱ्याला म्हणाला.

“मेहुणा हा काय, पहिल्या रांगेत बसलाय!”

“मग तू का नाही गेलास?”

“वा! अख्खं गाव दिवा बघणार आणि मी एकट्यानेच मुकायचं?”

“ताई, आम्ही सगळे दिवा बघायलाच आलोय!” होकायंत्राने खालून आनंदाने ओरडून सांगितलं.

“मग दिसतोय का तिथून?”

दिसत नव्हताच. सगळा उजेड गोळा करून समुद्रावर फेकायचा हेच त्या भिंगाचं काम. पायथ्याशी थेंबभरही सांडायचा नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण आम्ही शाळेत पाठ केली होती. आज तिच्यात सहकुटुंब उभे होतो.

साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर कॉफी दिसत होती.

वर ताई कठड्यावर ओणवली. तीन हिवाळे तिच्या पाठीत बसले होते, ते मला खालूनही दिसले. मग तिने भोंगा पुन्हा तोंडाला लावला.

“होड्या काढा! नाहीतर एकेकाच्या डोळ्यांचा नंबर वाचायला घेते! परवान्याच्या तपासणीला तक्ता पाठ करून कोण गेलं होतं, तेही सांगते!”

नावाड्यांनी माना खाली घातल्या. साहेबांनी कान टवकारले.

“होकायंत्र, तुला वरचं मोठ्ठं अक्षर...”

“निघालो, ताई, निघालो!”

तो एकटा निघाला असता तर काम भागलं असतं. पण आता कुणाचा कुणावर विश्वास उरला नव्हता, आणि आपण सोडून बाकीचे दिवा बघणार हे कुणालाच सोसण्यासारखं नव्हतं. एकच झुंबड उडाली. दोर सुटले, इंजिनं खोकली, इस्त्रीच्या विजारी गुडघ्यापर्यंत भिजल्या. लोकांनी खुर्च्या उचलून होड्यांत ठेवल्या. बँडवाले पलीकडच्या काठाला जाणाऱ्या मोठ्या बोटीत चढले आणि चढता चढता त्यांनी मघाचंच गाणं मघाच्याच जागेपासून पुढे सुरू केलं. अध्यक्ष भाषणाचा कागद धरून एका होडीत गेले. होडीतल्यांना उतरायला जागा नसल्याने भाषण पूर्ण झालं.

“चला, साहेब, तुम्हाला नको का बघायला?” दोन मावश्यांनी साहेबांच्या दोन्ही दंडांना धरलं.

“अहो, मी परीक्षक आहे! मला वायरलेसजवळ...”

“तो बसतो ना, पदवीधर! त्याला दुसरं काय काम आहे?”

साहेब जाळ्यांच्या ढिगावर बसून समुद्रात गेले. धक्क्यावर मी, वायरलेस आणि अर्धी बिस्किटं उरलो.

बराच वेळ नुसती इंजिनं ऐकू येत होती. मग ती एकामागून एक बंद झाली. आणि पाण्यावरून असा एक आवाज आला की त्याला वायरलेसची गरजच नव्हती. शेकडो माणसांनी एकदम श्वास सोडल्यासारखा, आणि मागोमाग आरडाओरडा, शिट्ट्या, भोंगे, आणि बँडने जे मनाला येईल ते. माझ्यापुढचा वायरलेस मात्र नुसता खरखरत होता. सगळ्यांनी एकाच वेळी बटण दाबलं की कुणाचंच बोलणं धड येत नाही. “दि...”, “...सला”, “अगं बाई!”, “सरक जरा”, “मी आधी पाहिला!” एवढंच हाती लागत होतं. साहेबांच्या अटीत बसेल असं त्यात काही नव्हतं. तास संपत आला होता. वर सज्जातून ताई विचारत होती, “आलं का रे? आलं का?” आणि मी मान हलवत होतो. अंधारात तिला ती दिसत नव्हती हे बरंच होतं.

शेवटी एक आवाज स्पष्ट आला. बाकीचे ओरडून दमले असावेत.

“बंदर, बंदर, होकायंत्र बोलतोय. दिवा दिसला.”

“कुठे आहेस?” मी ओरडलो. “जागा सांगावी लागते!”

“ते काही कळत नाहीये. पण दिवा दिसतोय ना! इकडे तोंड केलं की घरी येतो, बरोबर?”

मी काय उत्तर द्यावं या विचारात होतो, तेवढ्यात दुसऱ्या कुणाच्या तरी वायरलेसवरून साहेबांचा आवाज आला. मागे बँड होता आणि मावश्या होत्या.

“त्याचंच लिहून घ्या,” साहेब म्हणाले. “दिवा असतो तो अशाच माणसासाठी.” मग, सही नसलेल्या आवाजात, “काय सुरेख दिसतोय हो.”

मी सज्जाकडे तोंड करून “आलं!” म्हणून ओरडलो. मग पितळी भोंगा खणखणत जिना उतरत खालपर्यंत आला. ताईच्या हातातून सुटला होता.

परतताना बँडची बोट बुरुजाच्या पायऱ्यांना हलकेच धडकली, कारण सुकाणू धरणारा वर बघत होता. आमच्या दीपस्तंभाच्या इतिहासात बोट आपटल्याची ही पहिलीच नोंद. इजा फक्त ढोलाला झाली. धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येकाला ताईला सांगायचं होतं की दिवा कसा दिसतो. एकाला तो घराच्या खिडकीसारखा वाटला, एकाला दाराशी उभं राहून कुणीतरी हाक मारावी तसा. भाऊजी नुसतेच “झकास, झकास” म्हणत होते आणि चष्मा पुसत होते. ताई प्रत्येकाचं नीट ऐकून घेत होती. “म्हणजे उजेडाचा काठ स्वच्छ दिसतो ना? पिवळट नाही ना?” असं विचारत होती आणि हसत होती.

दिवा आता नकाशावर आहे. रोज संध्याकाळी ताई दुकान बंद करते, वर जाऊन बटण दाबते आणि काचेवरून एकदा फडकं फिरवते. होकायंत्र दर रविवारी होडी धुऊन, आत उशी टाकून धक्क्यावर तिची वाट बघतो. ताईने तो दिवा समुद्रातून अजून पाहिलेला नाही. तिला बोट लागते.