हाडांच्या वॉर्डातले घाबरलेले हात

मित्रांनो, मी दवाखान्यातली एक जुनी ट्रॉली आहे. तुम्ही कधी जखम बांधून घ्यायला गेला असाल, तर माझ्यासारखी एखादी तुमच्या खाटेजवळ उभी राहिली असेल. तिच्याकडे तुम्ही नीट पाहिले नसेल, कारण तुमचे सारे लक्ष तिच्यावरच्या कात्रीकडे असणार. लोखंडी नळ्यांचे चार पाय, पायांना चाके, वर आणि खाली दोन फळ्या आणि ढकलायला एक आडवी दांडी, एवढाच माझा देह. वरच्या फळीवर कापूस, पट्ट्या, चिमटे, औषधाच्या बाटल्या. खालच्या फळीवर घाण टाकायचे भांडे.

माझी सारी ओळख माणसांच्या हातांशी. दांडीवर हात पडला, की तो माणूस दमला आहे, रागावला आहे की घाबरला आहे, ते मला कळते. माझ्या आयुष्यात घाबरलेले हातच फार आले. त्यातल्या दोन हातांची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म औरंगाबादचा. आता त्या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. शहागंजच्या मागच्या गल्लीत नूरमोहम्मद मिस्त्री आणि त्यांचा धाकटा भाऊ कय्युम यांचे वेल्डिंगचे दुकान होते. तिथे ठिणग्यांच्या उजेडात मी तयार झाले. मला पांढरा रंग देण्याआधी नूरमोहम्मद मिस्त्रींनी माझ्या फळ्यांवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "कय्युम, कोने घिस के गोल कर. बीमार आदमी के बाजू में खडी रहनेवाली चीज है ये." असे बोलणे ऐकून मला वाटले होते, मी जिथे जाणार तिथे सगळेच एकमेकांना जपत असतील.

मला एका मोठ्या दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात ठेवले. पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. मी चमकत होते, माझी चाके पाण्यावरून चालल्यासारखी फिरत. मग एक चाक मोडले आणि त्या जागी दुसऱ्याच कुठल्या तरी ट्रॉलीचे चाक बसवले. ते कुरकुरू लागले. वॉर्डाचे काम करणारे इलियासमामा त्यात तेल सोडत. चार दिवस ते गप्प बसे, पुन्हा कुरकुर सुरू.

आणि त्या आवाजाची मला भीती वाटू लागली. कारण आवाज झाला की द्वारका सिस्टर मान वर करीत.

द्वारका सिस्टर वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या. सगळे त्यांना 'बाई' म्हणत. मित्रांनो, त्या वाईट नव्हत्या, हे आधी सांगते. त्यांच्यासारखे जखम बांधणारे हात मी पुन्हा पाहिले नाहीत. चिकटलेली पट्टी त्या अशी सोडवत, की पेशंटला कळतही नसे. पण नव्या सिस्टर आल्या, की त्याच बाईंचा आवाज बदलत असे. नव्या मुलीला त्या नावाने हाक मारीत नसत. "ए नवी," म्हणत. सगळ्यांत अवघड पेशंट तिच्या वाट्याला देत. जेवणाच्या सुट्टीत जुन्या सिस्टर एका खोलीत डबे उघडून बसत आणि नवी मुलगी ड्रेसिंगच्या खोलीत माझ्याशेजारी उभी राहून चार घास गिळत असे. कुणी तिला "ये, बस" म्हणत नसे, कारण बाईंना ते आवडले नसते. एक मुलगी तर पगारालाही न थांबता गावी निघून गेली. तिचे हात अजून माझ्या लक्षात आहेत. बर्फासारखे गार पडलेले असत.

तिच्यानंतर गोदावरी आली. सोयगावची. गोरीपान नाही, उंच नाही, बोलणे थेट गावाकडचे. तिने पहिल्याच दिवशी माझी दांडी ओल्या फडक्याने पुसली. हात ऊबदार होता. तो ऊबदार राहणार नाही, हे मला माहीत होते, म्हणून मला तिची फार काळजी वाटली.

तसेच झाले. एकदा तिला एका औषधाचे माप नक्की आठवेना. तिने बाईंना जाऊन विचारले. बाईंनी हातातले काम बाजूला ठेवले आणि तिला वॉर्डाच्या मधोमध उभे केले.

"म्हण, मला काही येत नाही."

गोदावरीने खाटांकडे पाहिले.

"सगळ्या पेशंटना ऐकू गेलं पाहिजे. कुणाच्या हातात जीव दिलाय ते कळू दे त्यांना."

"मला काही येत नाय," गोदावरी म्हणाली.

"नाय नाही. नाही म्हण."

तिने पुन्हा म्हटले. खाटांवरची माणसे भिंतीकडे पाहू लागली. नंतर तिने मला ड्रेसिंगच्या खोलीत नेले, दार लोटले आणि दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली. वरच्या फळीवरचे चिमटे ताटात थडथड वाजत होते. त्या दिवसापासून तिने कुणाला काही विचारले नाही.

मित्रांनो, जिला विचारायची भीती वाटते अशी सिस्टर वॉर्डात असणे किती धोक्याचे असते, ते मी पुढे पाहिले.

वैजापूरच्या मोंढा बाजारात हमाली करणारा सांडू नावाचा तरुण आमच्याकडे आला. कांद्याच्या गोण्यांची थप्पी अंगावर येऊन त्याचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. सकाळी डॉक्टरांनी पायाला प्लास्टर घातले. उशाशी त्याची आई दगडाबाई बसली होती. दुपारी गोदावरी मला घेऊन त्या ओळीतल्या जखमा बांधत गेली. सांडू दात-ओठ खाऊन कण्हत होता.

"सिस्टर, लई ठणकतंय. पाय आतून फुटल असं वाटतंय."

गोदावरीने प्लास्टरच्या बाहेर आलेली त्याची बोटे हातात घेतली. ती गार होती आणि निळसर दिसत होती. पाय आतून सुजला की प्लास्टर फासासारखे आवळते आणि रक्त पुढे जात नाही, हे तिला शिकवलेले होते. तिने मला ढकलत बाईंच्या टेबलापाशी नेले. चाक कुरकुरले.

"बाई, त्या सांडूचं..."

बाईंनी मान वर केली नाही. "प्लास्टर घातलं की दुखतंच. गोळी दिलीय त्याला."

"पण बाई, बोटं..."

"तू डॉक्टर आहेस का?"

गोदावरी मागे फिरली. थोड्या वेळाने तिने पुन्हा बोटे पाहिली आणि पुन्हा टेबलापाशी आली. या वेळी बाईंनी तिच्याकडे पाहिले.

"आता काय?"

मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल गं, बोल. गोदावरीचे ओठ हलले.

"काही नाय, बाई."

मला वाचा असती तर मी ओरडले असते. आम्ही परत सांडूच्या खाटेशी आलो. तिथे वेगळेच काही घडले होते. सांडूचे कण्हणे थांबले होते.

"आता दुखत नाय," तो म्हणाला. "बधिर झाल्यावानी वाटतंय."

"बरं झालं माय," दगडाबाई म्हणाली आणि तिने पदराने लेकाचे कपाळ पुसले. "गोळीनं गुण आला."

गोदावरीने त्याच्या अंगठ्याला जोरात चिमटा घेतला. सांडू छताकडे पाहत पडून राहिला. त्याला कळलेच नाही.

तिच्या हातातले सगळे रक्त उतरले. मला ते दांडीवर जाणवले. बाईंचे टेबल जवळ होते, तिकडे मात्र तिचे पाय वळेनात. तिने मला फिरवले आणि वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला जवळजवळ पळवत नेले. माझे चाक सगळ्या वॉर्डभर किंचाळत गेले. तिथे गुलशन सिस्टर इंजेक्शने देत होत्या. त्या बऱ्याच वर्षांच्या अनुभवी. पण त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, आणि नव्या मुलींची बाजू घेतलेलीही कधी ऐकली नव्हती.

"आपा, तुम्ही बघता का एकदा," गोदावरी कुजबुजली. "त्याला चिमटा कळत नाय. मला बाईंना सांगायचं भ्या वाटतंय."

गुलशन सिस्टरनी माझ्या दांडीवर हात ठेवला आणि लांब टेबलाकडे पाहिले. मित्रांनो, तेव्हा मला जे कळले त्याने मी जास्तच घाबरले. इतक्या वर्षांच्या त्या सिस्टर, पण त्यांचाही हात थरथरत होता. वाटले, आता त्याही म्हणणार, काही नाही.

त्यांनी हातातले इंजेक्शन माझ्या फळीवर ठेवले. चालत सांडूपाशी गेल्या, बोटे पाहिली आणि बाईंना न विचारता इलियासमामांना म्हणाल्या, "मामा, डॉक्टरांना बोलवा. पळत जा."

डॉक्टर आले. त्यांनी बोटे दाबून पाहिली आणि लगेच प्लास्टर उभे कापायला घेतले. करवतीचा आवाज, पांढरी धूळ, दगडाबाईचे तोंडातल्या तोंडात देवाचे नाव. आतला पाय सुजून तकतकीत झालेला होता. मग त्याला घाईघाईने ऑपरेशनला नेले. मी रिकाम्या खाटेशेजारी उभी राहिले. आता काय होणार या विचाराने माझा एकेक जोड आवळून आला होता.

परतल्यावर डॉक्टर म्हणाले, "पाय वाचेल. अजून थोडा वेळ गेला असता तर कापावा लागला असता. बोटं निळी पडताना कुणी पाहिलं नाही का?"

बाई उभ्या होत्या. त्यांनी गोदावरीकडे बोट केले. "ती ओळ हिच्याकडे होती. हिनं सांगायला पाहिजे होतं."

गोदावरी खाली पाहत राहिली. मला वाटले, संपली ही. हीसुद्धा गावी जाणार.

"ती दोनदा आली होती तुमच्याकडे," गुलशन सिस्टर म्हणाल्या. आवाज लहानच होता. "मी लांबून बघत होते. एकदा तुम्ही तिला गप्प केलं. दुसऱ्यांदा ती आपणहून गप्प झाली."

डॉक्टर एकदा सगळ्यांकडे पाहून निघून गेले.

संध्याकाळी पाळी संपताना बाई ड्रेसिंगच्या खोलीत आल्या. पाठोपाठ गुलशन सिस्टर. बाई नळाखाली किती तरी वेळ हात धूत राहिल्या.

"मला सांगायची भीती वाटते तुम्हाला?" त्यांनी वळून न पाहता विचारले.

"सगळ्यांनाच वाटते, बाई. मलासुद्धा. आज हिंमत झाली, रोज होत नाही."

"मी नवीन होते तेव्हा मेट्रन कात्रीची मूठ बोटांवर मारायच्या. तशीच शिकले मी. कधी रडले नाही."

"रडला असाल, बाई," गुलशन सिस्टर म्हणाल्या. "कुणी बघितलं नसेल."

बाईंनी नळ बंद केला. बाहेर जाताना त्यांचा हात टेकायला म्हणून माझ्या दांडीवर आला. इतकी वर्षे मला त्या हातात फक्त ताकद जाणवली होती. त्या दिवशी तो हातही घाबरलेला होता.

त्यांनी माफी मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात आल्याबरोबर त्यांनी हाक मारली, "गोदावरी."

गोदावरीला आधी कळलेच नाही की आपल्याला हाक मारली. बाईंनी तिला प्लास्टर घातलेल्या एकेका पेशंटपाशी नेले. बोट दाबून सोडल्यावर रंग कसा परत यायला हवा, ते स्वतःच्या हाताने दाखवले. सांडू पुढे चालू लागला. जरा लंगडत, पण स्वतःच्या पायांवर चालत तो गावी गेला. बाई काही रातोरात गोड झाल्या नाहीत. "काही विचारायचंय का?" हेसुद्धा त्या भांडल्यासारखेच विचारीत. पण विचारीत. आणि जेवणाच्या खोलीत एक खुर्ची वाढली.

वर्षे गेली. बाई निवृत्त झाल्या, मग गुलशन सिस्टरही. गोदावरी इन्चार्ज झाली. मित्रांनो, तुम्हाला वाटेल आता माझी भीती गेली असेल. उलट, तेव्हा मी सगळ्यांत जास्त घाबरले. वॉर्ड भरलेला, सिस्टर कमी, गोदावरीला श्वास घ्यायला फुरसत नाही. अशात फहमिदा नावाची नवी मुलगी आली. एका सकाळी तिच्या हातून स्वच्छ चिमट्यांचे अख्खे ताट जमिनीवर पडले.

"तुला ट्रेनिंगमध्ये कुणी काही..." गोदावरी कडाडली. आवाज हुबेहूब बाईंचा होता. खाटांवरच्या माणसांनी भिंतीकडे तोंडे फिरवली.

गोदावरीचे वाक्य अर्धेच राहिले. ती स्वतःच दचकली होती. मग ती खाली बसली आणि फहमिदाबरोबर चिमटे गोळा करू लागली.

"हे पुन्हा उकळायला टाकू," ती म्हणाली. "माझ्या आवाजाकडं लक्ष देऊ नको. अन् माझं चुकलं तर तूबी सांग मला."

फहमिदाला ते लगेच खरे वाटले नाही. अशा गोष्टी लगेच खऱ्या वाटत नसतात. पण थोड्या दिवसांनी, ऐन गर्दीत, ती वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला मोठ्याने म्हणाली, "सिस्टर, हे औषध किती द्यायचं? मी विसरले." गोदावरीने तिथूनच उत्तर दिले. भरल्या वॉर्डात कुणी मान वर करूनसुद्धा पाहिले नाही.

मित्रांनो, आता माझा रंग गेला आहे, पाय गंजले आहेत आणि मी सामानाच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांमध्ये पडून आहे. दारात भंगाराच्या गाडीचा आवाज आला, की वाटते, आज माझी पाळी. माझे जे व्हायचे ते होवो. पण उद्या तुमच्या वर्गात कुणी नवीन येईल. मोठे झाल्यावर तुमच्या हाताखाली कुणी नवीन कामाला लागेल. त्याचे हात गार पडलेले असतील. त्याला नावाने हाक मारा, आपल्याजवळ बसवून घ्या. आणि तो काही विचारायला आला, तर हातातले काम क्षणभर थांबवून त्याचे वाक्य पुरे होऊ द्या.