बसणाऱ्यास उठवू नये

तात्यांच्या अस्थी नाशिकला नेण्याचं काम माझ्या चुलतभावाने रीतसर उरकलं. मला तात्यांनी सांगून ठेवलेलं काम वेगळं होतं.

"नाशिकला नेऊ नका असं मी म्हणणार नाही," जाण्याआधी महिनाभर ते म्हणाले होते. "लोक तुला नावं ठेवतील. पण मूठभर मागे ठेव, आणि उलव्याच्या टेकडीपाशी खाडीत सोड. माझ्या जागेवरून."

त्यांची जागा म्हणजे पनवेल बंदरातून मुंबईला जाणाऱ्या लाँचच्या वरच्या डेकवरचा मागचा डावा कोपरा, कठड्याला लागून. तात्या पनवेलच्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल होते. एकोणीस वर्षं, पावसाळा सोडून, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते या कोपऱ्यात बसून नवी पुस्तकं आणायला मुंबईला गेले. हातात एक पुस्तक असे. उलव्याची टेकडी डाव्या हाताला आली की ते खूण घालून पुस्तक मिटत आणि फिरकीच्या झाकणाच्या डब्यातले पोहे खात. टेकडी मागे पडली की पुस्तक पुन्हा उघडत. त्या टेकडीत बघण्यासारखं काही नाही. मी एकदा तसं म्हटलं तर म्हणाले, "म्हणूनच. तिच्याकडे कुणी बघत नाही."

चोपन्न सालच्या जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी मी तो फिरकीचा डबा घेऊन बंदरावर गेले. डबा घासून वाळवून त्यातच रक्षा भरली होती. तांब्या जास्त शोभला असता, पण तांब्याला झाकण नव्हतं, आणि झाकण नसलेली वस्तू प्रवासात तात्यांना चालत नसे. माझी रजा संपली होती. सोमवारी गिरगावातल्या शाळेत माझे वर्ग माझी वाट बघत असणार होते.

लाँच भरतीवर लागली होती. वर जाणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी दोरी बांधलेली होती, दोरीला आंब्याचे डहाळे, आणि मधोमध पुठ्ठ्याची पाटी: 'पनवेल स्नेहसंवर्धक मंडळ. वार्षिक जलविहार. खाजगी.' वरून पेटीचे सूर येत होते.

तिकिटं बघणाऱ्या जगनला मी विचारलं, "अख्खा वरचा डेक यांनी घेतला?"

"घेतला कुठला, ताई. सहा वाजता आले आन् सतरंजी टाकली."

"मालकांना विचारलं होतं?"

"मालक मुंबईला. सतरंजी हितं." जगनने हात पसरले. "तुमाला काय नवीन सांगायचा? रुमाल टाकला तर एक मानूस, धोतर टाकला तर एक घर. यांनी कठड्यापासून कठड्यापर्यंत सतरंजी टाकली. मी काय करनार?"

आमच्या बंदरावर जागा धरण्याचा तोच कायदा होता, आणि बाकीच्या कायद्यांपेक्षा तो लोक जास्त पाळत.

मी खाली बसले. खाली इंजिनाचा धूर होता, कोंबड्यांची खुराडी होती, आणि जी माणसं एरवी वर वाऱ्यावर बसत ती सगळी होती. माझ्या शेजारी करंज्याची ठमाबाई होती. पनवेलच्या बाजारात न खपलेली सुकी मासळी टोपलीत घालून ती मुंबईला बहिणीकडे निघाली होती. लाँच सुटली, दोन्ही बाजूंना मिठागरं सरकू लागली, तेव्हा तिने माझ्या मांडीकडे हनुवटी केली.

"डब्यात काय हाय, बाय? सारका धरून बसलीस."

तीन आठवडे मी भेटायला आलेल्यांशी योग्य तेच बोलत होते. त्याचा कंटाळा आला होता. "वडील," मी म्हटलं.

ठमाबाईने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तिकीट काडलंस त्यांचा?"

तीन आठवड्यांत मी पहिल्यांदा हसले. मग तिला सगळं सांगितलं. उलव्याची टेकडी यायला पाऊण तास होता.

"मंग हितं काय करतेस? वर जा की."

"दोरी आहे."

"दोरीला काय दात हायत?"

मी जिना चढले. दोरीपाशी मंडळाचे चिटणीस दाजी उभे होते. छातीवर रेशमी बिल्ला, गळ्यात शिट्टी, हातात छापील कार्यक्रम. दाजी वाचनालयाच्या कमिटीवरही होते. ते सगळ्याच कमिट्यांवर होते.

"वेणूताई, तात्यांचं ऐकून फार वाईट वाटलं," ते म्हणाले. "दहाव्याला येणारच होतो, पण नेमकी त्याच दिवशी या जलविहाराची सभा."

"मला मागच्या कोपऱ्यात पाच मिनिटं जायचंय, दाजी."

दाजींनी कार्यक्रम उलगडला. "आता 'भक्तिगीते' चालू आहेत. मग 'निसर्गशोभा पाहणे', दहा मिनिटं. मग अध्यक्षांचं भाषण, विषय 'सार्वजनिक जीवनात सहकार्य'. यात पाच मिनिटं कुठे आहेत, तुम्हीच दाखवा. शिवाय कोपरा अध्यक्षांना दिलाय. त्यांना लाँच लागते."

डब्यात काय आहे ते मी त्यांना सांगू शकले असते. पण दाजींना मी ओळखत होते. दोन मिनिटं शांतता पाळण्याचा ठराव मांडला गेला असता, त्याला अनुमोदक शोधला गेला असता, आणि तेवढ्यात टेकडी निघून गेली असती.

मी खाली बघितलं, आणि सतरंजी ओळखली.

ती डेकपेक्षा लांब होती. तिचं एक टोक दोरीखालून येऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर लोंबत होतं. त्या टोकाला लाल दोऱ्याने भरलेली अक्षरं होती. ती मी भरली होती, वयाच्या बाराव्या वर्षी, तीन दुपारी बसून: 'सार्वजनिक वाचनालय, पनवेल. बसणाऱ्यास उठवू नये.'

त्याचं असं झालं होतं. एकदा कुणी मोठे साहेब वाचनालय बघायला येणार होते. त्यांच्या आधी त्यांचा शिपाई आला. सतरंजीवर काळूराम म्हणून मिठागरातला एक माणूस बसला होता. त्याला वाचता येत नसे. दुसऱ्याने मोठ्याने वाचलेलं वर्तमानपत्र ऐकायला तो रोज येई. शिपाई म्हणाला, ऊठ. तात्या म्हणाले, तो बसलाय. शिपाई म्हणाला, साहेब कुठे बसतील? तात्या म्हणाले, त्याच्या शेजारी. साहेब खरोखरच शेजारी बसले, आणि काळूरामने त्यांना वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचायला लावली. संध्याकाळी तात्यांनी लाल दोऱ्याचं रीळ आणलं.

मी पदर सावरला, डबा मांडीवर घेतला आणि पायरीवर, सतरंजीच्या त्या टोकावर बसले.

"वेणूताई, उठा बघू," दाजी म्हणाले.

मी अक्षरांवरून पाय बाजूला घेतला. दाजींनी वाकून वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हा नियम वाचनालयातला आहे," शेवटी ते म्हणाले.

"तुम्ही कमिटीवर आहात. पावसात छप्पर गळायचं तेव्हा सतरंजी शाळेच्या ओसरीवर नेत होतो. तेव्हा तात्यांनी सभेत काय ठरवून घेतलं होतं?"

दाजींचा चेहरा पडला. ते त्या सभेला हजर होते. दाजी कुठल्याच सभेला गैरहजर नसत. "सतरंजी जिथे, तिथे वाचनालय," ते पुटपुटले.

"काय झाला?" खालून ठमाबाईने विचारलं. ती टोपलीसकट जिन्यात येऊन उभी होती.

"सतरंजीवर बसलेल्या माणसाला उठवायचं नाही असा नियम आहे," मी म्हटलं.

ठमाबाई माझ्या शेजारी बसली. मग बसल्या बसल्याच दोरीखाली वाकली आणि हातभर पुढे सरकली. टोपली तिच्यापुढे सरकली.

"ओ, बाई, सतरंजी काय तुमच्या बापाची आहे?" दाजींचा आवाज चढला.

"माजे बापाची नाय. हिचे बापाची हाय."

तेही खरं नव्हतं. तात्यांनी ऐकलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. वाचनालयाच्या दौतीतल्या शाईने ते घरचं पत्रसुद्धा लिहीत नसत. पण ते समजावून सांगायला वेळ नव्हता. मी दोरीखालून सरकले. माझ्यामागे खालचे उतारू एकेक करून येऊ लागले. प्रत्येक जण पायरीवर बसे, मान वाकवी आणि सरकत आत येई. उभ्या माणसाला दाजी अडवू शकले असते. उभं कुणी राहिलंच नाही. नेऱ्याचा एक म्हातारा शेतकरी दोन कोंबड्यांना बगलेत धरून सरकत गेला, आणि पेटीवाल्याने गाणं न थांबवता पेटी त्याच्या वाटेतून बाजूला घेतली.

मी मुलींना इतिहास शिकवते. किल्ले सर करण्याच्या अनेक तऱ्हा मी फळ्यावर काढल्या आहेत. ही त्यांत नव्हती.

गुडघे सोलले, लुगड्याला सतरंजीची धूळ लागली, पण मागच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत मी पोचले. आणि तिथे दमयंतीबाई बसल्या होत्या.

दमयंतीबाई म्हणजे मंडळाच्या अध्यक्ष. भक्कम बाई, अंगावर मोतिया रेशमी लुगडं. कठड्याला गच्च धरून त्या डोळे मिटून बसल्या होत्या. चेहऱ्यावर लिंबाचा रंग आला होता. कठड्याच्या त्या कोपऱ्यात एका माणसाचीच जागा आहे. ती त्यांनी पुरती भरली होती.

त्या बसल्या होत्या. सतरंजीवर.

समोर टेकडी दिसू लागली होती. तात्यांनी हे बघितलं असतं तर फार खूश झाले असते, असं मला वाटलं, आणि मला त्यांचा थोडा रागही आला. नियम आपल्या अंगावर आला तरच तो नियम, एरवी ती सोय, असं ते म्हणत.

"दमयंतीबाई," मी म्हटलं.

"मला उठवू नकोस," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "उठले तर काय होईल ते मंडळासमोर व्हायला नको."

"उठू नका. या डब्यात तात्या आहेत. मला त्यांना इथून सोडायचंय."

त्यांनी डोळे उघडले. डब्याकडे पाहिलं. "हा त्यांचा पोह्यांचा डबा ना?"

"हो."

"माझ्या सासूबाईंना कादंबऱ्या चालत नसत," त्या म्हणाल्या. "तर तुझे तात्या कादंबरीला 'मसाले व लोणची' असं लिहिलेलं कव्हर घालून पाठवायचे. अकरा वर्षं. सासूबाई म्हणायच्या, एवढं वाचते, पण लोणचं काही सुधारत नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. वाचनालयातल्या लोणच्याच्या पुस्तकांची कव्हरं कुठे जातात याचा मात्र तात्यांनी एकदा फार शोध घेतल्यासारखं केलं होतं.

"टेकडी येतेय, बाई."

"मग ये. माझ्यावरून वाक. मी धरते तुला."

तेवढ्यात दाजींची शिट्टी वाजली. काहीही होवो, कार्यक्रम व्हायचाच होता. "निसर्गशोभा," त्यांनी पुकारलं. "उजव्या हाताला बेलापूरचा किल्ला."

सगळं मंडळ उठून उजव्या कठड्याकडे धावलं. खालचे उतारूही, वर्षानुवर्षं तो किल्ला बघितलेले, काय आहे म्हणून उठले. लाँच उजवीकडे कलली. आमचा कोपरा इतका वर गेला की पाणी दिसेना, नुसतं आभाळ. पेटी आपली आपण घसरत निघाली.

"बसा," खालून सुकाणूवरचा तांडेल ओरडला. "बसा सगळे. आहात तिथं बसा."

शंभर माणसं एकदम होती तिथे बसली. दाजी ठमाबाईच्या टोपलीला टेकून बसले. ठमाबाई अध्यक्षांसाठी आणलेल्या खुर्चीत बसली. लाँच सावरली, आमचा कोपरा खाली आला, आणि डाव्या हाताला उलव्याची टेकडी उभी होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी डब्याची फिरकी काढली. दमयंतीबाईंनी माझ्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला, मी त्यांच्या मांडीवरून पाण्यावर वाकले आणि डबा उपडा केला. वारा फारसा नव्हता. बरंच पाण्यात गेलं. थोडं दमयंतीबाईंच्या लुगड्यावर आलं, थोडं सतरंजीवर. मी घाईने पुसायला हात नेला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "त्यांनी कधी माझ्याकडे पुस्तकं लवकर परत मागितली नाहीत."

टेकडी मागे पडेपर्यंत मी तशीच वाकून राहिले. मग सरळ बसले. मिटायला पुस्तक नव्हतं म्हणून डब्याचं झाकण लावलं.

पुढचा कार्यक्रम पार पडला. एकदा बसलेलं कुणी उठेना, आणि उठा म्हणायची दाजींची छाती होईना. सार्वजनिक जीवनातील सहकार्यावर दमयंतीबाई कोपऱ्यातून, डोळे मिटून, चार वाक्यं बोलल्या. खुर्चीतून ठमाबाईने टाळ्या वाजवल्या. मंडळाच्या बेसनाच्या वड्या नेऱ्याच्या म्हाताऱ्यापर्यंत गेल्या आणि बाकीच्यांनाही पुरल्या. दाजींना मात्र त्या दिवशी वड्यांनाही सुक्या मासळीचाच वास आला.

भाऊच्या धक्क्याला लाँच लागली तरी सतरंजीवरची माणसं एकमेकांकडे बघत बसून होती. दाजी शिट्टी हातात धरून उभे होते. ती वाजवावी की नाही हे त्यांना ठरवता येईना. शेवटी मीच आपण होऊन उठले. मग सगळे उठले.

सतरंजीची घडी घालायला दोन माणसं लागतात. तिकडची दोन टोकं दाजींनी उचलली, इकडची मी. वाचनालय बंद करताना तात्या आणि मी घालत असू तशीच घडी घालत आम्ही एकमेकांकडे चालत आलो. लाल अक्षरांजवळ राखेचा पुसट डाग होता. दाजींनी तो पाहिला, डब्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी कसलाही ठराव मांडला नाही.

"झटकू का इथे?" त्यांनी हळूच विचारलं.

"इथे नको," मी म्हटलं. "परत नेलीत की वाचनालयाच्या अंगणात झटका."