बूड उचललं की फाऊल

माझा धाकटा भाऊ म्हणजे जन्माचा भांडखोर. फौजेत गेला तेव्हा घर इतकं शांत झालं की आईला आणि मला करमेना. परत आला तो उजवा पाय मांडीपासून गमावून, आणि भांडणंही तिकडेच टाकून. भाजी करपली तरी "ठीक आहे". मी विनाकारण खेकसले तरी "ठीक आहे". अरे, कसलं ठीक आहे? मला माझा भाऊ परत हवा होता, बस्स!

म्हणून मी त्याला ओढतच जखमी जवानांच्या व्हॉलीबॉलला नेलं. जाळी बुटकी आणि सगळे फरशीवर बसलेले. चेंडू मारताना बूड उचललं की फाऊल.

"आजच्यापुरता येतो. पुन्हा नाव काढायचं नाही," त्याने बजावलं होतं. मी कबूल तर झाले. आज जमलं नाही तर संपलंच की सगळं!

एक गडी कमी होता, म्हणून मलाही बसवलं. दोन धडधाकट पाय असून सगळ्यांत नालायक मीच! चेंडू आला की बूड वर. शिट्टी. पुन्हा वर. पुन्हा शिट्टी. पंच म्हणजे एका हाताचे निवृत्त हवालदार. "बाई, खाली खिळे ठोकू का?" असं त्यांनी विचारल्यावर हॉलभर हशा पिकला. भाऊ तेवढा भिंतीकडे बघत बसला होता.

मग एक चेंडू उंच, थेट त्याच्या डोक्यावर आला. आणि गडी विसरला! पाय नाही हेच विसरला. उडी मारायला उठला, नसलेल्या पायावर भार दिला आणि धाडकन तोंडावर आपटला. मी धावले.

शिट्टी वाजली. "फाऊल! बूड उचललं! आणि बाई, तुम्ही आधी खाली बसा."

हात द्यायला कोणी हललंसुद्धा नाही. "पहिल्या दिवशी सगळेच उडतात," शेजारचा, दोन्ही पाय नसलेला खेळाडू घाम पुसत म्हणाला.

भाऊ कोपरावर उठला. नाक लालबुंद. "चेंडू हाताला लागलाच नाही, तर फाऊल कसला?"

"लागला."

"कुठे लागला? डोळे आहेत की बटणं?"

अगं बाई! मला नाचावंसं वाटलं. दोघांची अशी जुंपली की दोन्ही संघ त्यात उतरले. मी पोट धरून हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सामना आम्ही सपाटून हरलो.

निघताना त्याने हवालदारांना उद्याची वेळ विचारली. मग माझ्याकडे वळला. "तू येऊ नकोस. तुझ्यामुळे हरलो."

"मेल्या, तुला आणलं कोणी इथे?"

"आणलंस ना, उपकार झाले! खेळता कुठे येतं तुला?"

रस्ताभर भांडलो. जिन्यात तर आवाज टिपेला पोचला. आईने धावत येऊन दार उघडलं, आम्हाला बघितलं आणि तिथेच उंबऱ्यात मटकन बसली. पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "थांबलात का? भांडा की अजून."