दोन किल्ल्या एका कमरेला नकोत

मी पेटी बोलतेय. चिखलीच्या एका भावकीची पेटी. कपड्यांच्या ट्रंका नि पापडाचे डबे यांच्या रांगेत कुणी मला बसवू नये, मला राग येतो. माझ्या पोटात तीन घरांचा पैसा असतो आणि मला तीन कुलपं आहेत. तिन्ही किल्ल्या एका जागी आल्याशिवाय मी आजवर कधी उघडलेली नाही. एवढा दरारा पाटलाच्या तिजोरीलाही नाही. ती म्हणे पाटलीणबाई केसातल्या आकड्याने उघडते.

माझा जन्म झाला तो लाजेपोटी. एकावन्न सालची गोष्ट. अर्जुनराव आणि चिमाजी हे चुलतभाऊ, शेजारी शेजारी राहणारे. दोघं एकाच सकाळी सावकाराच्या ओट्यावर समोरासमोर आले. अर्जुनराव म्हणाले, "सहज आलो हुतो, पान खायाला." चिमाजी म्हणाला, "मी बी." पान दोघांपैकी कुणीच खात नव्हतं. दोघं परत निघाले, अर्धी वाट संपली. मग अर्जुनरावांना हसू फुटलं आणि ते म्हणाले, "चिमा, तुज्याकडं हायेत ते पैसे मला दे, माज्याकडं आल्यावर मी तुला दितो. ह्यात सावकार कशाला मदी?"

त्यांनी सगळ्यांत धाकट्या चुलतभावाला, कोंडाजीला, बोलावून घेतलं आणि भावकीचा फंड ठरला. दर अमावास्येला प्रत्येक घराने दोन रुपये टाकायचे. सुगीच्या दिवसांत जमेल तेवढे जास्त. अडल्यानडल्याला त्यातून कर्ज घ्यायचं, व्याज रुपयाला महिन्याला पैसा. आता पैसा ठेवायचा कशात? तिन्ही घरांच्या सामाईक बांधावर एक बाभूळ होती. तिच्या सावलीवरून आणि शेंगांवरून वर्षातून दोनदा तरी भांडण व्हायचं. ती बाभूळ तोडली आणि सुताराकडून मला करून घेतलं. एका झटक्यात पेटी झाली आणि भांडणही मिटलं. माझा बांधा जड आहे. दोन गड्यांनाही मी सहजासहजी हलत नाही, आणि ते मला आवडतं.

कुलपं अर्जुनरावांनी पुण्याला बोहरी आळीत जाऊन आणली. एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही ना, हे ते दुकानात इतका वेळ तपासत बसले की दुकानदार म्हणाला, "पाव्हणं, खजिना हाय का काय?" "न्हाई," अर्जुनराव म्हणाले, "भावकी हाय."

मला ठेवलं मधल्या घरी, चिमाजीच्या सोप्यात, कारण ते दोन्ही घरांना सारखंच जवळ. आणि नियम केले. नियम कागदावर नाहीत, पण माझ्या प्रत्येक फळीला पाठ आहेत.

अमावास्येला बैलांना जू लावत नाहीत, म्हणून दुपारी सगळे मोकळे. त्या वेळी घोंगडी अंथरायची आणि तीन घरांचे तीन किल्लीवाले माझ्याभोवती बसायचे. ज्याला कर्ज हवं, त्याने डोक्यावरचं पागोटं काढून माझ्यापुढे ठेवायचं आणि कशासाठी हवं ते मोठ्याने सांगायचं. मग तिघांनी एकेक हात माझ्या झाकणावर ठेवायचा. कुणाचाच हात उठला नाही, तर पैसे मिळाले. एक जरी हात उठला, तरी नाहीत. उचललेल्या हाताला कारण विचारायचं नाही. मागणाऱ्याचाही हात असायचाच, म्हणजे मागून झाल्यावर स्वतःचीच लाज वाटली तर त्यालाही उचलता यावा!

आणखी एक नियम होता. किल्ली घराची, माणसाची नाही, आणि दोन किल्ल्या एका कमरेला कधी लटकायच्या नाहीत. हा नियम अर्जुनराव नि चिमाजी दोघांनी एकाच दमात सांगितला होता. प्रेम होतं हो त्यांच्यात, पण प्रेम वेगळं आणि किल्ली वेगळी.

माझ्यातून या भावकीने काय काय केलं म्हणून सांगू! विहिरीला नवी मोट आली. चिमाजीच्या लेकीला बाळंतपणासाठी तळेगावच्या दवाखान्यात गाडी जुंपून नेलं, तेव्हाचे पैसे माझे. आणि तीन घरांतलं कुणी पुन्हा त्या ओट्यावर पान खायला गेलं नाही. माझ्या बिजागऱ्या गंजल्या असतील, मान कधी खाली झाली नाही.

मग पंचावन्न साली कोंडाजी तापाने गेला. दुखणं लांबलं, औषधाला जोडीतला एक बैल विकावा लागला, तरी माणूस राहिला नाही. मागे त्याची बायको सोजराबाई आणि पदरात दोन लहान मुली. दिवसकार्य उरकलं आणि पुढची अमावास्या आली. आता धाकट्या घराची किल्ली कुणाकडे जायची?

अर्जुनराव खाकरले. "मी थोरला हाय. सांभाळतो मी."

चिमाजी म्हणाला, "दादा, पेटी माज्या घरात हाय. किल्ली बी माज्याकडंच राहू द्या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाच्या कमरेला दोन किल्ल्या झाल्या की दुसऱ्याला झोप लागणार नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. सोजराबाई दाराआड उभी होती. पदर पुढे ओढलेला, किल्ली मुठीत. ती हळूच म्हणाली, "किल्ली घराची म्हणता न्हवं? मग घरात मी हाय."

अर्जुनराव तिचे थोरले दीर. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "चिमा, धाकट्या घराला म्हणावं, बस घोंगडीवर." हे त्यांनी मोठ्या मनाने केलं असं मला म्हणायला आवडलं असतं. पण चिमाजीच्या कमरेपेक्षा सोजरा परवडली, एवढाच हिशेब होता. कारण काही का असेना, त्या दिवशी माझ्या झाकणावर पहिल्यांदा बाईचा हात पडला. शेणकुटाचा, जात्याचा, खुरप्याचा हात. मला तो चिमाजीच्या हातापेक्षा वजनदार वाटला.

दीड वर्ष सोजराबाईने हात ठेवला आणि कधी उचलला नाही. अर्जुनरावांना वाटलं, बरं झालं, बाई गरीब आहे.

सत्तावन्न साल उजाडलं आणि फाल्गुनातली अमावास्या आली. अर्जुनरावांनी पागोटं माझ्यापुढे ठेवलं. थोरल्या मुलाचं, सयाजीचं लग्न ज्येष्ठात धरलं होतं. सयाजी पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात लागलेला, भावकीतला पहिला पगारी माणूस. "आठशे रुपये," अर्जुनराव म्हणाले. "पुण्याचा बँड आणायचा हाय. वऱ्हाडाला लॉरी आणायची. पंचक्रोशीनं बघावं आसं लगीन करायचं."

माझ्या पोटात नऊशेच्या आतबाहेर होते. आठशे गेले तर पेरणीच्या बियाण्याला काय उरणार, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. खोटं कशाला बोलू, सोजराबाईची स्वतःचीही गरज होती. मृगाच्या आत दुसरा बैल आला नाही, तर तिला जमीन दिरांना वाट्याने द्यावी लागणार. मग धाकटं घर राहिलं काय नि न राहिलं काय, किल्लीसुद्धा नावापुरतीच.

तीन हात पडले. चिमाजीच्या हाताचा भार हलका झाला, मला स्पष्ट जाणवलं. पण थोरल्या भावापुढे तो उठला नाही.

सोजराबाईचा उठला.

अर्जुनरावांचा चेहरा तांबडालाल झाला. कारण विचारायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. पागोटं उचलून डोक्यावर दाबलं आणि ते माझ्यावर ओरडले, तिच्यावर नाही, माझ्यावर! "ही पेटी आता माज्या किल्लीनं उघडायची न्हाई!" घरी जाऊन त्यांनी किल्ली कमरेची सोडली, देवघराशेजारच्या खुंटीला लटकवली आणि तिला हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावलं.

चैत्रातली अमावास्या आली नि गेली. मी बंद. चिमाजी माझ्याकडे पाहायचा आणि उसासा टाकायचा. गावात कुजबुज झाली, फुटली भावकी. मला ते सहन होईना. सावकाराकडचा माणूस एकदा उगाच चिमाजीकडे पाणी प्यायला येऊन गेला, तेव्हा तर माझ्या फळ्या तडकतात की काय असं झालं.

वैशाखात एके दिवशी अर्जुनरावांची बायको अंबुबाई धान्य निवडायला चिमाजीच्या सोप्यात आली. सोजराबाईही तिथेच होती. दोघी माझ्याच आधाराने टेकून बसल्या. अंबुबाई सुपातले खडे काढत म्हणाली, "सोजरे, ह्यांचा निरोप हाय. उंबऱ्यावर येऊन येवढं म्हण, चुकलं म्हणून. बैलाचे पैसे त्याच दिवशी दितील."

सोजराबाईने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मग म्हणाली, "बैल मिळंल, आक्का. पर हात परत मिळायचा न्हाई."

"म्हंजी?"

"आज चुकलं म्हणलं, तर उद्या मी घोंगडीवर बसून काय करू? पाट ठेवला काय आन मी बसले काय. भावजींनीच नियम केला. तो त्यांनीच मोडायचा आन चुकलं मी म्हणायचं?"

अंबुबाईने सूप खाली ठेवलं. तिने तीस वर्षं त्या घरात भाकरी भाजल्या होत्या आणि माझ्यात पडणाऱ्या दोन रुपयांतला अर्धा तरी पैसा तिच्या कोंबड्यांच्या अंड्यांचा असायचा. ती तडक उठली आणि गेली. मला वाटलं, रागावली.

वैशाखातली अमावास्या आली. मृग तोंडावर. चिमाजीने सवयीने घोंगडी अंथरली. सोजराबाई किल्ली घेऊन येऊन बसली. थोरल्या घराची जागा रिकामी. दोघं तशीच बसून राहिली. चिमाजी म्हणाला, "चला, उठू या."

तेवढ्यात अंबुबाई आत आली. भर दुपारी, गल्लीतून, हातात किल्ली उघडीच धरून, सगळ्यांना दिसेल अशी. येऊन थोरल्या घराच्या जागेवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "खुंटीवर हुती. खुंटी घराची, किल्ली घराची."

तिच्या मागोमाग अर्जुनराव आलेच. अनवाणी, तावातावाने. बायकोला घोंगडीवर बघून थांबले. ओढून उठवावी तर स्वतःचाच नियम आडवा येत होता. पण माणूस हट्टी. त्यांनी पागोटं काढलं, धाडकन माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "ठीक हाय. थोरल्या घराचा हात म्हंजी आमचाच हात. आठशे रुपये, सयाजीच्या लग्नाला. ठेवा हात!"

तीन हात माझ्यावर पडले. सगळ्यांचे डोळे सोजराबाईकडे. मीसुद्धा तिच्याच हाताकडे लक्ष लावून होते. तिची बोटं आवळली, आता उठणार, एवढ्यात दुसऱ्या बाजूचं वजन कमी झालं.

अंबुबाईचा हात वर होता.

अर्जुनराव बघतच राहिले. "तू?"

"कारण इचारायचं न्हाई," अंबुबाई म्हणाली.

आता ते उसळणार, अशी माझी खात्री होती. पण अर्जुनराव मटकन खाली बसले, घोंगडीच्या कडेला. आणि मग हळूहळू त्यांच्या मिशा हलायला लागल्या. सावकाराच्या वाटेवर हसले होते तसं ते हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पागोटं उचलून त्यांनी झटकलं आणि पहिल्यांदाच, माझ्याकडे न बघता, थेट भावजयीकडे बघून म्हणाले, "सोजरा, बैलाचं बोल आधी. मग बियाणाचं बोलू."

पदराने तोंड पुसत सोजराबाई एवढंच म्हणाली, "चाकणचा बाजार शनवारी हाय, भावजी." मग तीन हात माझ्यावर पडले आणि एकही उठला नाही.

सयाजीचं लग्न सनई-ताशावर झालं आणि झकास झालं. पंचक्रोशीने बघितलंही, कारण नवऱ्या मुलाच्या बापाचा हट्ट त्याच्या बायकोने मोडला हे बघायला सगळे आले होते. थोरल्या घराची किल्ली अर्जुनरावांनी परत मागितली नाही. ती आता अंबुबाईच्या कमरेला असते. अर्जुनराव मात्र दर अमावास्येला येतात आणि घोंगडीच्या कडेला बसून तंबाखू मळतात.

आज एकोणसाठ साल चाललंय. मी आहे तिथेच आहे, चिमाजीच्या सोप्यात, आणि आता माझ्यात दोन हजारांच्या वर असतात. सयाजी म्हणतो, फंडाची रीतसर पतपेढी करू, सरकारात नोंद करू. करा की, मला आनंदच आहे. साहेब बघायला येणार म्हणून तो परवा सुताराला घेऊन आला होता. मला घासूनपुसून, रंधा मारून, चकचकीत रंग द्यायचा म्हणतो.

सयाजी, बाळा, कुलपं बदल, बिजागऱ्या बदल, हवं तर खाली चाकं लाव. पण माझ्या झाकणाला रंधा लावू नको. तिथलं लाकूड तीन जागी हातांनी गुळगुळीत झालंय, आणि त्यातली एक जागा तुझ्या आईची आहे.