बैलतोंडी नावेची शर्यत

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. मी एक जुनी नाव आहे आणि भर पोळ्याच्या दिवशी, अंगावर एकही माणूस न घेता, मी आंद्रा नदीवरची शर्यत जिंकले आहे. हसा खुशाल. फक्त माझ्यात बसून उड्या मारू नका, मधली फळी आता नाजूक झाली आहे.

मी मूळची सागाची. आंदर मावळातल्या एका डोंगरावर उभी होते, तेव्हा इतकी उंच होते की खंडाळ्याच्या बोगद्यातून बाहेर पडणारी आगगाडी आधी मला शिटी द्यायची आणि मग पुढे जायची. बरं, थोडी बुटकी असेन.

मला घडवलं राजमहंमद मिस्त्रींनी. बैलगाड्या करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ इकबाल मोठ्या लढाईत बोटीवर कोळसा ओढायला गेला होता. पूर्वेच्या कुठल्याशा बंदरातली गोष्ट घेऊन तो परत आला. तिकडे म्हणे सणाला लांबलचक नावा पळवतात. ओळीने माणसं एका ठेक्यात वल्ही मारतात, पुढे एक जण ढोल बडवतो आणि नावेच्या तोंडाशी अक्राळविक्राळ जनावर कोरलेलं असतं.

"कसलं जनावर?" मिस्त्रींनी विचारलं.

"सापावानी अंग, डोक्याला शिंगं, मिशा, अन् तोंडातनं जाळ."

मिस्त्रींनी तसलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. पण शिंगं म्हटल्यावर त्यांचा हात ओळखीच्या वाटेनं गेला. तोंड तयार झालं ते थेट खिल्लारी बैलाचं. मिशा तेवढ्या इकबालच्या शब्दाखातर ठेवल्या.

पावसाळाभर मी माणसं नदीपार करायची. नवऱ्या मुली, बाळंतिणी, भाताची पोती, एकदा तर रुसून निघालेला एक जावई आणि त्याला परत न्यायला आलेला सासरा, दोघं एकाच खेपेत. माझे नावाडी कोंडाआबा. त्यांना मूलबाळ नव्हतं. सकाळी येऊन आधी माझ्या पाठीवरून हात फिरवायचे, मग तोंडात तंबाखू टाकायचे.

आणि दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावाच्या नावेशी शर्यत. दोन्ही तीरांवर माणूस मावायचं नाही. सुरुवातीची वर्षं मीच जिंकायची आणि गाव माझ्या शिंगांना हार घालायचं. मग पलीकडच्यांनी नवी, हलकी नाव केली. मी हरायला लागले. हार बंद झाले, टोमणे सुरू झाले.

शेवटी महिपती पाटील आबांना म्हणाले, "आबा, लय झालं. यंदा हारली तर फोडायची. देवळाला दार न्हाई, लाकूड तरी कामाला यील."

त्या दिवशी आबांनी मला इतकं करंजाचं तेल चोळलं की माझ्यावर बसलेली माशी घसरायची.

त्या वर्षी नदीचं पाणी लवकर ओसरू लागलं, म्हणून शर्यत पोळ्यालाच ठरली. सकाळी आबांची बायको धोंडाबाई बैल सजवत होती. मला यश यावं म्हणून तिने माझीही शिंगं हिंगुळाने रंगवली, बाशिंग बांधलं, ओवाळलं आणि पुरणपोळीचा घास माझ्या लाकडी तोंडाला लावला. तेवढ्यात गडी वल्ही घेऊन आले आणि एकाने माझ्यात पाय टाकला.

"पाय काढ," धोंडाबाई म्हणाली. "आज हिच्यावर भार घालायचा न्हाई."

"मावशे, ही नाव हाय."

"शिंगं हायेत, बाशिंग बांधलंय, पोळी खाल्ली. पोळ्याला तू बैलाला जुंपतोस का?"

गडी आबांकडे बघू लागले. आबांनी बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डोक्याचं मुंडासं सोडून काठावर ठेवलं. "काढा कापडं," ते म्हणाले. "पाण्यात उतरा. ढकलत न्यायची."

महिपती पाटलांनी कपाळाला हात लावला.

तर मित्रांनो, गडी माझ्या दोन्ही कडांना धरून पोहू लागले. ढोलवाला काठाच्या चिखलातून ढोल बडवत धावत होता. मध्यावर सगळ्यांचा दम संपला. आबा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "बाय माझी, आता तुझं तू बघ."

मग काय, मी मान खाली घातली, शिंगं रोखली आणि एकटी निघाले. खालून माशांनी रेटा दिला. ढोलाच्या ठेक्यावर मी अशी सुटले की पलीकडच्या नावेला माझं फक्त शेपूट दिसलं, आणि मला तर शेपूटही नाही. शिंगभर अंतराने मी जिंकले. पाटलांनी आपला फेटा माझ्या शिंगांना गुंडाळला. कोंडाआबा आता नाहीत, नदीवर साकव झाला आहे, तरी मी या जांभळीखाली अशी दिमाखात उभी आहे. म्हणून मित्रांनो, माझ्यासारख्या जिंकलेल्या नावेला दर उन्हाळ्यात तेल लावणं हे तुमचं...

"पुरं गं," माझ्या सावलीत तांदूळ निवडत बसलेल्या जैतुनबी सुपातून मान वर न करता म्हणाल्या. राजमहंमद मिस्त्रींची ही बायको. "पोरांला कशापायी येडं करतीस? मी तितंच उभी हुते. त्यांची नाव लागली, त्यांनी अंग पुसलं, पोळ्या खाल्ल्या, तवा तू आलीस. ती बी आडवी."

मुलं माझ्या तोंडाकडे बघू लागली. मी नदीकडे बघत राहिले.

"मग हिला फोडली का न्हाई?" एका मुलीनं विचारलं.

"महिपती आलता की कुऱ्हाड घिऊन. धोंडाबाई आडवी आली न्हाई का रडली न्हाई. म्हनली, घाल घाव. पर हारला म्हनून पोळ्याचा बैल कुनी तोडलाय का, त्येवढं आदी गावाला इचारून ये." जैतुनबींनी सुपातला एक खडा टिपून बाजूला टाकला. "त्यो जो इचारायला गेला, त्यो अजून आला न्हाई."