तारेत अडलेला उजेड

संतपूरच्या बौद्ध वस्तीत अजून वीज आलेली नव्हती. वैशाखी पौर्णिमेच्या सभेला उजेड हवा, म्हणून पिराजीनं आपल्या जीपची बॅटरी वापरायचं ठरवलं. बोळ अरुंद, जीप आत शिरेना. ती तोंडाशीच उभी करून त्यानं कुंपणाच्या लोखंडी तारेचे दोन पदर खांबांवरून पटांगणात नेले आणि टोकाला जीपचा बल्ब जोडला.

दिवस मावळतीला आला होता. बल्ब लागला खरा, पण विझत्या निखाऱ्यासारखा.

"बॅटरी उतरली," पिराजी वैतागला.

त्याची बायको सुभद्राबाई हातातली रांगोळी टाकून उठली. तिनं बल्ब काढला, बोळाच्या तोंडाशी नेला आणि पिराजीला तो थेट बॅटरीवर लावायला सांगितलं. डोळे दिपले. मग अर्ध्या वाटेवर लावून पाहिला. निम्माशिम्मा उजेड.

"आवो, बॅटरी चांगली हाय. ही तारच उजेड खायलीय."

"तार कामून खाईल?"

"त्येच तर बघायचंय."

जीपच्या पेटीत जुन्या डायनामोची तांब्याची तार होती, जाडीला लोखंडी तारेएवढीच. लोखंडी तारेच्या जागी तिचे दोन पदर ओढले. बल्ब लागलाच नाही. पिराजी हसला. सुभद्राबाई मात्र तारेचं टोक नखानं खरवडत बसली. वरून लाखेसारखा तपकिरी थर निघाला, खाली लालसर धातू चमकला. "ह्यो थरच आडवा आलाय," ती म्हणाली. तिनं विळीवर चारही टोकं घासली आणि पुन्हा जोडली.

पटांगण उजळलं. बायका "अगं बया!" म्हणाल्या.

सभेला औरादहून आलेले ईरण्णा मास्तर मघापासून बघत होते. ते जवळ आले. "अक्का, बॅटरीचा रेटा दोन्ही वेळेला तोच. लोखंड जास्त अडवतं, म्हणून करंट कमी जातो. तांबं कमी अडवतं."

"मंग लोखंडाचे तीन तीन पदर एकत्र पिळले तर?"

मास्तरांनी मान खाजवली. "पुस्तकात आहे, वाट रुंद होते. पण मी कधी करून पाहिलं नाही."

"आता बघू की!"

पिराजी कुरकुरला, "माणसं यायलीत, अन् तू तारा पिळायलीस?" तरी पक्कड त्यानंच आणली. मास्तरांनी धोतर खोचलं. तिघांनी मिळून पदर पिळले, ओढले, जोडले. बल्ब लागला. तांब्याच्या जवळपास, किंचित पिवळा.

"जमलं!" मास्तर टाळी वाजवून म्हणाले. सुभद्राबाई मान वाकडी करून बल्बाकडे बघत राहिली.

"चार पदर केले तर, मास्तर?"

तोवर लोक सतरंजीवर बसले होते. पुढच्या रांगेतली शकुबाई ओरडली, "अगं, आधी वंदना तर होऊ दे!" सुभद्राबाई हसत खाली बसली. वंदना म्हणताना तिची बोटं मात्र पदराचं टोक पिळत होती.